चालू औषधे : नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

माझा स्वभाव हा आजार आहे म्हणे!

सदुसष्ट वर्षं जो मी माझा म्हणून वागवला, तो गळ्यातल्या एका ग्रंथीचा निघाला. वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि मी त्यांचं काही चोरून ठेवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. थायरॉइड भलतंच जोरात चाललंय. एक आकडा इतका खाली की यंत्राला तो दिसतच नाही, दुसरा आभाळात.

मग प्रश्न. वजन घटलं? नाही. धडधडतं? नाही. हात थरथरतात? पुढे करून दाखवले — पाटीसारखे स्थिर. नाडी बहात्तर. मी म्हटलं, "डॉक्टर, मला काहीसुद्धा होत नाही."

तर सूनबाई शेजारून, "चिडचिड होते का ते विचारा ना."

मी तोंड उघडायच्या आत तिनंच उत्तर दिलं, "होते!"

"किती दिवसांपासून?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा होतीच. आधीचं बाबा सांगतील."

ती विनोद करत नव्हती. डॉक्टरांनी लिहून घेतलं! या वयात बाकीची लक्षणं लपून बसतात म्हणे. बसोत.

फॉर्म मीच भरला. एकतीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले, दुसऱ्यानं भरलेला फॉर्म मला बघवत नाही. 'ॲलर्जी' — नाही. 'चालू औषधे' — नाही. खाली सही. कॉन्व्हेंटमध्ये बोटांवर पट्ट्या खाऊन कमावलेलं अक्षर! नर्स म्हणाली, "आजी, काय सुंदर अक्षर हो तुमचं." आजी म्हणे. हिची आजी मी कधी झाले?

४ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना सांगितलं. पेपरामागूनच विचारलं, "म्हणजे बरं होण्यासारखं आहे?" आवाजात केवढी आशा!

७ फेब्रुवारी, शनिवार

खात्रीसाठी पुन्हा रक्त घेतलं. उपाशी पोटी या म्हणाले होते, म्हणून फक्त पाणी आणि केसांची गोळी. आकडे तेच. शिवाय तिसरी एक तपासणी केली, तीही बोट दाखवून सांगते — ग्रंथी बिघडलेली आहे. तीन साक्षीदार, तिघांची साक्ष जुळते. एवढ्यावर मी कुठलीही फाइल बंद केली असती.

मग गळ्याची सोनोग्राफी. थंडगार चिकट काहीतरी लावलं. पडद्यावर धुकं. करणाऱ्या मुलीनं बोट ठेवून दाखवलं, "ही बघा. फुलपाखरासारखी असते." नेहमी सगळ्यांना म्हणत असणार ती हे. पण मी पाहिलं आणि खरंच पंख पसरून बसलेलं होतं! श्वासनळीवर, अलगद.

"वजन किती?" मी विचारलं.

"वीस ग्रॅम असेल जेमतेम."

वीस ग्रॅम! माझी भूक, झोप, अंगातली ऊब, हृदयाचे ठोके, सगळं हे एवढं फुलपाखरू चालवतं. आणि त्याला रोज लागतं काय? आयोडीन, मिठाच्या दोन-तीन कणांच्या वजनाइतकं. तेवढं मिळालं नाही तर गळा फुगतो, पोटातलं मूल मंद होतं. दोन-तीन कणांपायी! घरी येऊन तळहातावर मिठाचे तीन कण वेगळे काढले आणि बघत बसले. हे म्हणाले, "काय हरवलं?"

९ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईनं ताईला फोन केला. मला न विचारता!

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. पाच गल्ल्यांपलीकडे राहते. नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही. कारण मी इथं कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

तिच्या यजमानांना, भावोजींना, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. कॉलेजात गणित शिकवायचे. नोकरीच्या परीक्षेसाठी मला अपूर्णांक, भागाकार नव्यानं त्यांनी शिकवले, माझ्या रागाला एकही दिवस भ्यायले नाहीत. एका सकाळी मेंदूत रक्तस्राव झाला. हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोर ताईला विचारलं, दुसरं काही औषध घेतात का? ती म्हणाली, नाही. मग ती काही वस्तू आणायला घरी गेली. परत आली तेव्हा मी पायऱ्यांवर उभी. तिच्या हातात एक बाटली होती. मी ती काढून घेतली आणि लेबल वाचलं. स्मरणशक्तीसाठी झाडपाल्याच्या कॅप्सूल. त्यासुद्धा रक्त पातळ करतात! हे मला दाव्यांच्या फायलींमधून तोंडपाठ होतं.

सगळ्यांदेखत बोलले. "विचारलं तेव्हा नाही म्हणालीस. लपवलंस. मारलंस तू त्यांना."

ते तेव्हा वरच्या मजल्यावर जिवंत होते. संध्याकाळी गेले. डॉक्टर मागाहून म्हणाले, कॅप्सूलमुळे झालं असेल, नसेलही, सांगता येत नाही. मला मात्र सांगता येत होतं.

तिनं तेव्हा एक शब्द काढला नाही. नंतरही नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताई आली!!

दार उघडलं तर समोर ती. केस पांढरेशुभ्र, पाठीला बाक. मला म्हणाली, "ठिणगे, आत घेतेस का इथूनच रिपोर्ट वाचून दाखवतेस?"

ठिणगी. या नावानं हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

बसली. म्हणाली, गळा दाखव. दोन बोटं टेकवली, वाटाणा चाचपावा तशी. "एवढीशी? हिनं मला नऊ वर्षं छळलं?" मग एकदम डोळे भरले तिचे. "मला वाटायचंच गं. मनाशी म्हणायचे, माझी बहीण फटकळ आहे, पण असं बोलणार नाही. ती तू नव्हतीसच. ही होती."

सूनबाई चहा घेऊन दारात थबकली होती. हे पेपर उलटा धरून बसले होते.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? डॉक्टरांनीच सांगितलंय, आजार किती जुना आहे हे कळायला मार्ग नाही. नऊ वर्षं असू शकतो. असेलच.

ताई दोन तास होती. चपला घालताना म्हणाली, "तुझा सोफा तेव्हाही टोचायचा, आताही टोचतो."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून गुणगुणतेय. सूनबाई चपापून बघते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उपचार ठरला. दहा मार्चला एक कॅप्सूल, किरणोत्सारी आयोडीनची. गिळायची, बस. ती पोटातून रक्तात जाते, अंगभर फिरते, कुठंही न रेंगाळता नेमकी त्या फुलपाखरापाशी पोचते — कारण आयोडीनचं भुकेलं तेच एक! — आणि त्याला आतून जाळते. ऐकताना अंगावर काटा आला. पत्ता न लिहिलेलं पाकीट, तरी बरोबर घरी पोचतं!

जळालेली ग्रंथी परत येत नाही. मग जन्मभर रोज एक गोळी.

मी विचारलं, "आणि माझा राग?"

"निवळेल." हसले. यांना वाटतं मी गंमत करतेय.

कॅप्सूलनंतर काही दिवस लोकांपासून लांब राहायचं. ताईनं फोनवर जाहीर केलं, "पलीकडच्या खोलीत मी राहीन. दारातून बोलू. नाहीतरी तुझ्याशी लांबूनच बोलावं लागतं."

आजारी असणं इतकं सुखाचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. काल मी भाजीवाल्यावर ओरडले तर सूनबाई हळूच त्याला म्हणाली, "त्यांची ट्रीटमेंट सुरू होणार आहे." तो बिचारा मान हलवून म्हणाला, "माझ्या आईलाही आहे." सगळं माफ! आधी कळतं तर दहा वर्षांपूर्वीच आजारी पडले असते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कॅप्सूलच्या आधीची चाचणी. आयोडीनचा इवलासा डोस देऊन ग्रंथी किती ओढून घेते ते मोजतात. खोलीत मी आणि गळ्यावर ओणवलेला एक कॅमेरा. तो प्रकाश न टाकता माझ्या आतला प्रकाश टिपत होता! मी निमूट पडून होते. देवळात बसल्यासारखं वाटलं.

तंत्रज्ञ मात्र पडद्याकडे बघून कान खाजवायला लागला. पुन्हा मोजलं. मग डॉक्टरांना बोलावलं. दोघांचं कुजबुजणं कानावर आलं.

"ही तर शांत आहे."

"पण रक्त तर पेटलंय."

"एकजण खोटं बोलतंय."

हे वाक्य मी एकतीस वर्षं म्हटलंय. आज पहिल्यांदाच माझ्या फाइलवर ऐकलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं लिहून ठेवते.

सकाळी लॅबच्या प्रमुख बाईंचा फोन, येऊन जाल का? एकटीच गेले. ठेंगणी बाई, केसांत खोचलेली पेन्सिल, टेबलावर तीन पेनं आणि तरी पेन शोधत होती.

"औषध काय घेता?"

"काही नाही. फॉर्मवर लिहिलंय."

"औषध नाही विचारत मी. केसांसाठी, नखांसाठी, हाडांसाठी, ताकदीचं, झाडपाल्याचं, कुणी भेट दिलेलं, गोड लागतं म्हणून घेतलेलं — काहीही?"

मी पर्सचा बंद नीट केला.

"मॅडम?"

"केसांची एक गोळी घेते. पण ते औषध नाही."

ती बाई खुर्चीतून उठलीच! "बायोटिन! वाटलंच मला! केवढी?"

बाटली माझ्या शिवणाच्या डब्यात असते, दोऱ्यांच्या खाली. भांग रुंदावत चाललाय, हे ह्यांनाही कळू द्यायचं नाही म्हणून. हे तिला सांगितलं नाही. फक्त म्हटलं, दहा मिलिग्रॅम. वर्षभर.

मग तिनं कागद ओढला आणि चित्र काढायला लागली.

अंड्याच्या पांढऱ्या बलकात एक प्रथिन असतं. त्याची बायोटिनवर, म्हणजे माझ्या गोळीतल्या जीवनसत्त्वावर, अशी पकड असते की निसर्गात तशा पकडी बोटांवर मोजण्याइतक्या. चिकटलं की चिकटलं — धुऊन जात नाही, सहसा सुटत नाही. त्याचाच एक जातभाई जिवाणूंकडे सापडला, आणि यंत्र बनवणाऱ्यांनी त्याचा गोंद केला! बारीक मण्यांना तो गोंद लावलेला. रक्तातलं जे मोजायचं ते चिमट्यात पकडायचं, चिमट्याला बायोटिनची शेपटी. शेपटी मण्याला चिकटते, बाकीचं धुऊन टाकतात, उरेल ते मोजतात.

"आता तुमचं रक्त येतं," ती म्हणाली, "बायोटिननं तुडुंब. सगळ्या जागा आधीच भरलेल्या. आमचे चिमटे उभे राहतात आणि धुण्यात वाहून जातात. यंत्राला वाटतं, हे तर नाहीच."

"म्हणून तो आकडा खाली."

"बरोबर. आणि दुसरी तपासणी उलट मोजते. तिथं काही चिकटलं नाही की यंत्र म्हणतं, फारच जास्त आहे. तिसरीही तशीच."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. एक खोटं खाली खेचतं, दुसरं वर ढकलतं, आणि दोन्ही मिळून एकच सुसंगत आजार उभा राहतो! एकतीस वर्षांत इतके जुळलेले खोटे साक्षीदार मी पाहिले नाहीत. आणि त्यांना पढवणारं कोण? माझ्याच शिवणाच्या डब्यातली एक गुलाबी गोळी!

"सगळी यंत्रं अशी नसतात," ती म्हणाली. "आमचं आहे. काही ठिकाणी हृदयाच्या झटक्याची तपासणीही अशीच फसते. झटका आलेला माणूस ठीक आहे म्हणून घरी पाठवला जाऊ शकतो. म्हणून म्हणते मॅडम, सांगत जा. आम्ही 'औषध' विचारतो आणि लोक औषधाचंच उत्तर देतात. चूक आमच्या प्रश्नाचीही आहे."

गोळी बंद. आठ दिवसांनी पुन्हा रक्त. तोवर घरी काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. खात्री होऊ दे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बाटलीचं लेबल भिंगातून वाचलं. शरीराला रोज लागतं तीस मायक्रोग्रॅम. मिठाच्या अर्ध्या कणाइतकं. मी घेत होते त्याच्या तीनशे तेहतीस पट! तीन वेळा भागाकार केला. माणसाचं अख्खं शरीर अर्ध्या कणावर खूश, आणि मी त्याला रोज बादलीनं पाजत होते. भांगापायी! आणि भांग होता तिथंच आहे.

भागाकार भावोजींनी पक्का करून घेतला होता. ते आठवलं आणि पेन थांबलं.

'चालू औषधे — नाही.' माझ्या हातचं, माझ्या सुंदर अक्षरात. मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. लबाडीनं नव्हे, औषध नाही असं वाटलं म्हणून. असल्या 'नाही'वर मी किती दावे फेटाळले? 'माहिती दडवली' असा शिक्का होता माझ्याकडे. लाल.

आणि ताई.

५ मार्च, गुरुवार

डॉक्टरांचा फोन. "अभिनंदन! सगळे आकडे नॉर्मल. तुम्हाला काहीही झालेलं नाही. कधी झालेलंच नव्हतं!"

फोन ठेवला.

काहीही झालेलं नव्हतं. म्हणजे पायऱ्यांवर मीच होते.

६ मार्च, शुक्रवार

अजून कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी दहा तारीख रद्द केली, मी घरात नाही केली. ताई फोनवर विचारते, कुठली चादर आणू, उशी पातळ आहे का जाड. मी म्हणते, पातळ.

कॉन्व्हेंटमध्ये मदर म्हणायच्या, न सांगणं हेही खोटंच, फक्त त्याला आवाज नसतो. तेव्हा मला वाटायचं, ह्यांना दुसरे उद्योग नाहीत.

मी आजारीच राहिले तर कुणाचं काय बिघडतं? ग्रंथीला काय, तिला कुठं मान-अपमान आहे!

पण ताई त्या ग्रंथीला माफ करून बसलीय. मला नाही.

८ मार्च, रविवार

सांगितलं.

तिच्या घरी गेले. पलंगावर बॅग उघडी, चादरीची घडी घालत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. गोळी, अंड्याचा पांढरा बलक, मणी, शेपट्या, तीन तपासण्या. तेही सांगितलं की मलाही विचारलं होतं आणि मीही नाही म्हटलं. एक मुद्दा सोडला नाही. दाव्याची टिपणी लिहावी तसं, क्रमानं.

ती घड्या घालत राहिली. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे ग्रंथी ठणठणीत?"

"ठणठणीत."

"म्हणजे त्या दिवशी…"

"मीच."

तिनं घडी घातलेली चादर उचलली आणि कपाटात परत ठेवली. मग म्हणाली, "एवढं लांबलचक बोललीस. त्यात कुठं 'चुकले' असा शब्द आला का? का माझ्याच ऐकण्यातून सुटला?"

मी निघून आले! तरातरा! पाच गल्ल्या कशा ओलांडल्या आठवत नाही. एवढं खरं सांगितलं, स्वतःहून, कुणी न विचारता, तरी हिला अजून शब्द हवा!

९ मार्च, सोमवार

डोकं भणभणतंय. आणि आता दोष द्यायला ग्रंथीही नाही. ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "केस छान आहेत तुझे." एवढंच.

१० मार्च, मंगळवार

म्हटलं. तिच्या दारातच, चपलाही न काढता. "ताई, मी चुकले."

तिनं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "त्या कॅप्सूल मी दिल्याच नव्हत्या, ठिणगे. त्यांना विसरायला व्हायला लागलं होतं. गणिताचा माणूस. कुणाला कळू नये म्हणून आपल्या आपण आणून चोरून घेत होते. मलाही पत्ता नव्हता. डॉक्टरांनी विचारलं म्हणून मी घरी जाऊन सगळं धुंडाळलं, तेव्हा दाढीच्या सामानामागं ती बाटली सापडली. तीच दाखवायला धावत आणली होती."

"मग नऊ वर्षं बोलली का नाहीस?"

"त्यांनी जे झाकलं ते मी कसं उघडं करू? आणि तू कुठं विचारलं होतंस?"